डेंटल मिलिंग मशीनचे सेन्सर: बडोद्याच्या लॅबमधून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

डेंटल मिलिंग मशीन म्हणजे झिर्कोनिया (पांढरं सिरॅमिक), मेण, प्लास्टिक अशा डिस्कमधून कृत्रिम दात कोरणारं मशीन. रावपुरा, दांडिया बाजार, अलकापुरीपासून मकरपुऱ्यापर्यंतच्या डेंटल लॅबमधून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांनी आहे, पुढे प्रकरण गुंतत जातं. कुठल्याही एका कंपनीचं मशीन डोळ्यांसमोर नाही. इथला आकडा आणि तुमच्या मॅन्युअलमधला आकडा जुळला नाही, तर मॅन्युअलचाच खरा धरा.

१. आमच्या मशीनमध्ये सेन्सर आहेत तरी किती, आणि कुठे कुठे?

मोजून बघा. प्रत्येक एक्सिसला (हलण्याच्या दिशेला) सुरुवातीची जागा ओळखणारा एक होम सेन्सर, म्हणजे फाइव्ह-एक्सिसला पाच. टूलची लांबी मोजणारा एक. कॉलेट (टूल पकडणारा चिमटा) उघडलं की मिटलं हे सांगणारा एक, कधी दोन. हवेच्या दाबाचा स्विच, दाराचा स्विच, स्पिंडलचं (टूल फिरवणाऱ्या भागाचं) तापमान. ड्राय मशीनला सक्शनचा, वेटला पाण्याच्या पातळीचा आणि प्रवाहाचा. डिस्क चेंजर असेल तर त्याचे वेगळेच. मशीनबरोबर आलेल्या फाइलमध्ये इलेक्ट्रिकल ड्रॉइंग असतं. त्याची झेरॉक्स काढून मशीनच्या मागच्या बाजूला चिकटवा. अलार्म आल्यावर फाइल शोधण्यात अर्धा दिवस घालवणाऱ्या लॅब कमी नाहीत.

२. सेन्सर बिघडलाय की तो बरोबरच सांगतोय, हे ओळखायचं कसं?

आधी असं धरून चाला की तो खरं बोलतोय. ‘एअर प्रेशर लो’ आलं तर हवा खरंच कमी आहे का ते बघा. ‘कॉलेट नॉट क्लोज्ड’ आलं तर कॉलेटमध्ये भुकटी अडकली आहे का ते बघा. सेन्सरवर शंका घ्यायची ती या सगळ्यानंतर. उलट क्रमाने गेलं की चांगला सेन्सर काढून नवा बसतो, पैसे जातात आणि अलार्म तिथेच राहतो.

तरीही शंका उरली तर मशीनची डायग्नोस्टिक स्क्रीन उघडा. प्रत्येक इनपुट तिथे चालू-बंद दिसतो. स्पिंडल थांबलेलं आणि इमर्जन्सी बटण दाबलेलं असू द्या. होम सेन्सर बहुधा इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी असतात, म्हणजे धातू जवळ आला की ओळखतात. त्यासमोर स्क्रू ड्रायव्हरचं टोक धरा आणि एकाच वेळी सेन्सरचा छोटा एलईडी आणि स्क्रीन या दोन्हींकडे बघा.

एलईडीही बदलला, स्क्रीनही बदलली: सेन्सर आणि वायर दोन्ही ठीक, दोष दुसरीकडे. एलईडी बदलतो पण स्क्रीन ढिम्म: वायर, कनेक्टर किंवा इनपुट कार्ड. एलईडीच बदलत नाही: आधी त्याला वीज मिळते का ते मोजा. तीन वायरींच्या सेन्सरमध्ये तपकिरी वायर प्लस, निळी शून्य आणि काळी सिग्नल असते. तपकिरी आणि निळीत मल्टिमीटरवर २४ व्होल्ट डीसीच्या आसपास दिसायला हवेत. दिसले आणि तरी एलईडी मेलेला असेल, तरच सेन्सर गेला असं म्हणा.

३. रोज काय साफ करायचं आणि कशाने?

डिस्क बदलताना टूल सेन्सरचा माथा, डिस्क होल्डरची बैठक आणि कॉलेटचं तोंड, या तीन जागा. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम पुरतो. धातूच्या संपर्काच्या जागा आठवड्यातून एकदा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा. अल्कोहोल कापडावर घ्यायचं, सेन्सरवर ओतायचं नाही. दाराची पारदर्शक काच बहुधा ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेटची असते. तिला अल्कोहोल किंवा ॲसिटोन लावलं की बारीक तडे जातात, म्हणून ती ओल्या मऊ कापडानेच पुसा.

कॉलेटचं तोंड सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतं, आणि निम्म्या भानगडी तिथूनच निघतात. झिर्कोनियाची भुकटी पिठासारखी असली तरी ती सिरॅमिक आहे, कॉलेट घासते. साफसफाई करताना एन-९५ मास्क लावा. कोबाल्ट-क्रोम मिल करत असाल तर मास्क सोडूच नका, ती धूळ फुफ्फुसाला वाईट.

४. कंप्रेसरच्या हवेने फुंकून काढलं तर लवकर होतं ना?

लवकर होतं आणि महागात पडतं. भुकटी बाहेर जाण्याऐवजी स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये, लिनियर गाइडमध्ये आणि सेन्सरच्या फटीत शिरते. व्हॅक्यूमने ओढा, हवेने ढकलू नका. ऑपरेटर गुजराती असेल तर ही चिठ्ठी दारावर गुजरातीतच लावा.

५. टूल मोजताना एरर येतो. नवीन टूल लावलं तरी तेच. सेन्सर बदलू का?

थांबा. टूल सेन्सर दोन प्रकारचे असतात. एकात टूलचं टोक एक बटण दाबतं. दुसऱ्यात टूल किंवा शोधपिन धातूच्या पृष्ठभागाला टेकली की विजेचा संपर्क पूर्ण होतो. दुसऱ्या प्रकारात मेणाचा किंवा पीएमएमएचा (ॲक्रिलिक प्लास्टिकचा) पातळ थर बसला तरी वीज जात नाही. मशीनला टूल दिसतच नाही, ते खाली जात राहतं आणि शेवटी एरर देतं. अल्कोहोलने पुसा, ऐंशी टक्के काम झालं असं समजा.

बटणवाल्या प्रकारात बटण बोटाने हळू दाबून सोडा आणि स्क्रीन बघा (पाहा प्रश्न २). सोडल्यावर ते अडखळत वर येत असेल, तर कडेच्या फटीत भुकटी आणि ओल यांचा लगदा झालाय. तेल अजिबात घालू नका. तेलावर भुकटी चिकटते आणि पुढच्या आठवड्यात बटण कायमचं बसतं.

एरर न देता चुकीचं माप देणारा सेन्सर याहून धोक्याचा. समजा माथ्यावर ०.०५ मिलिमीटरचा कण आहे. टूल त्या कणालाच टेकतं आणि मशीन समजतं की टूल ०.०५ ने लांब आहे. मग काम करताना टोक तेवढंच वर ठेवतं आणि तेवढं मटेरियल कापायचं राहतं. क्राउनच्या (दातावर बसणाऱ्या टोपीच्या) आतल्या बाजूला हे झालं की क्राउन पूर्ण खाली बसत नाही, आणि आपण स्कॅनरला किंवा डॉक्टरांच्या इंप्रेशनला नावं ठेवतो. रफिंग (आधी ढोबळ कापणारं) टूल मोजताना कण होता आणि फिनिशिंगच्या वेळी उडून गेला, तर दोघांच्या कामात पायरी दिसते. अशी पायरी दिसली की आधी टूल सेन्सरचा माथा बघायचा.

६. टूल धडधाकट आहे, तरी मशीन म्हणतं ‘टूल ब्रोकन’. आणि एकदा खरंच तुटलं तेव्हा गप्प बसलं!

मशीन टूल तुटलेलं ‘बघत’ नाही. आधीची लांबी आणि आताची लांबी यांची फक्त तुलना करतं. म्हणून कॉलेटमध्ये टूल थोडं वर सरकलं, किंवा शँकवरची (टूलच्या कॉलेटमध्ये जाणाऱ्या दांड्यावरची) रिंग हलली, तरी लांबी कमी भरते आणि ‘तुटलं’ असं येतं. कॉलेट साफ करा, शँकवर घासल्याच्या चकचकीत रेघा आहेत का ते बघा. रेघा असतील तर टूल कॉलेटमध्ये फिरतंय आणि कॉलेट बदलायला झालंय.

गप्प बसण्याचं कारण तेच, फक्त उलट. टोकाचा अगदी छोटा तुकडा उडाला आणि फरक ठरवलेल्या मर्यादेच्या आत राहिला, तर मशीनला तो कळत नाही. बारीक टूलच्या बाबतीत हे होतंच, त्यामुळे भिंग जवळ ठेवा. पीएमएमए वितळून टोकाला चिकटला तर टूल उलट लांब भरतं, त्याचा परिणाम प्रश्न ५ मध्ये आहे.

७. कंप्रेसरचा काटा ७ बार दाखवतो, तरी ‘एअर लो’. काटा खोटा की सेन्सर खोटा?

दोघंही खरे. काटा टाकीतला दाब दाखवतो. मशीनचा स्विच मशीनपाशी, हवा वापरली जात असताना उरलेला दाब बघतो. मधे लांब बारीक नळी, तुंबलेला फिल्टर आणि त्याच लाइनवर कुणीतरी चालवलेला सँडब्लास्टर असेल, तर टूल बदलण्याच्या क्षणी दाब खाली येतो. मशीनना साधारण ६ ते ८ बारच्या दरम्यान हवा लागते. अलार्म नेमका टूल बदलताना येतो का हे बघा. येत असेल तर मशीनच्या तोंडाशी एक गेज लावा आणि टूल बदलताना काटा किती पडतो ते मोबाइलवर चित्रित करा. वाद मिटतो. उपाय म्हणजे जाड नळी, स्वच्छ फिल्टर आणि सँडब्लास्टरला वेगळी लाइन.

दाबाच्या स्विचचा सेट पॉइंट खाली आणून अलार्म बंद करणारे लोक आहेत. त्या हवेने कॉलेट नीट उघडलं नाही आणि टूल तिरकं बसलं, तर नवीन स्पिंडलचा भाव विचारून बघा.

८. पावसाळ्यात मशीन दर आठवड्याला रुसतं. का?

बडोद्याची जुलै-ऑगस्टमधली हवा कंप्रेसर आत घेतो आणि दाबतो, तेव्हा तिच्यातलं पाणी बाहेर पडतं. टाकी रोज संध्याकाळी ड्रेन करा. ड्रायर नसेल तर पावसाळ्यापुरता तरी त्याचा विचार करा. ते पाणी दाबाच्या स्विचपर्यंत आणि स्पिंडलच्या सीलिंग एअरपर्यंत (धूळ आत शिरू नये म्हणून सोडलेल्या हवेपर्यंत) जातं आणि भुकटीचा लगदा करतं.

दुसरा त्रास एसीचा. रात्री एसी बंद करून खिडकी उघडी टाकली की दमट हवा थंड धातूवर ओल धरते. कनेक्टरच्या पिना हिरवट दिसू लागल्या तर हेच कारण. एसी ड्राय मोडवर ठेवा, खिडकी बंद ठेवा आणि सिग्नल वायरींच्या कनेक्टरना वर्षातून एकदा काँटॅक्ट क्लीनर मारा. अर्थात मेन स्विच काढून.

९. आणि उत्तरायणाच्या सुमारास उलट काहीतरी होतं, ते काय?

जानेवारीत हवा कोरडी असते. पीएमएमए मिल करताना चुरा स्थिर विजेने भारला जातो आणि सगळीकडे चिकटतो, ऑप्टिकल सेन्सरच्या फटीतसुद्धा. आयोनायझर (स्थिर वीज घालवणारं साधन) असेल तर त्याची सुई साफ करा. मळकी सुई नुसता आवाज करते. मशीनचं अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. खोट्या अलार्मचं हे एक जुनं कारण आहे.

१४ आणि १५ जानेवारीला पतंगाच्या दोऱ्याने लाइन ट्रिप होते, हे बडोदेकरांना सांगायला नको. त्या दोन दिवसांत लांबलचक ब्रिज (जोडलेले सलग दात) मशीनला लावू नका, निदान यूपीएस नसेल तर. वीज परत आल्यावर होमिंग (एक्सिस सुरुवातीच्या जागी नेणं) आणि टूल मोजणं दोन्ही पुन्हा करा.

१०. होमिंग करताना एक्सिस शेवटाला जाऊन धडकतो. किंवा मधेच थांबतो.

धडकतो म्हणजे होम सेन्सरला धातूची पट्टी दिसत नाही. छोट्या प्रॉक्सिमिटीचं अंतर मोजकं, एक-दोन मिलिमीटरचं. ब्रॅकेटचा स्क्रू सैल होऊन सेन्सर अर्धा मिलिमीटर मागे सरकला तरी बास. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) अंतर लावा आणि स्क्रूला थ्रेड लॉकर (सैल होऊ न देणारा गोंद) लावा. पट्टी बदलायची वेळ आली तर लोखंडाचीच करा. ॲल्युमिनिअमची केलीत तर सेन्सर तिला निम्म्याहूनही कमी अंतरावरून ओळखतो आणि तुम्हाला वाटतं सेन्सर कमजोर झाला.

मधेच थांबतो म्हणजे सेन्सरला नसलेली पट्टी दिसतेय. झिर्कोनियाच्या भुकटीने इंडक्टिव्ह सेन्सर फसत नाही, कोबाल्ट-क्रोमच्या चुऱ्याने फसतो. ऑप्टिकल फट असेल तर कुठलीही भुकटी पुरते.

११. अलार्म कधी येतो, कधी नाही. सर्व्हिसवाला आला की मशीन एकदम शहाणं!

तो येतो तेव्हा मशीन उभं असतं, म्हणून. येणारा-जाणारा दोष बहुतेक वेळा केबल चेनमधल्या वायरीचा असतो. एक्सिसबरोबर वायर रोज हजारो वेळा वाकते आणि आतला तांब्याचा धागा तुटतो, बाहेरचं आवरण मात्र शाबूत राहतं. दर वेळी अलार्म आला की एक्सिस कुठल्या आकड्यावर होता ते लिहून ठेवा. तोच आकडा पुन्हा पुन्हा आला तर चोर सापडला. मग हळू जॉग करत (बटणाने एक्सिस थोडा थोडा सरकवत), डायग्नोस्टिक स्क्रीनवर नजर ठेवत तिथे जा. इनपुट लुकलुकला की ती वायर बदला, आणि चेनमध्ये वाकण्यासाठी बनवलेलीच फ्लेक्सिबल केबल घाला. साधी वायर काही महिन्यांत पुन्हा तुटेल.

१२. दाराचा सेन्सर सारखा त्रास देतो. चुंबक चिकटवून चालवलं तर?

नाही. बऱ्याच डेंटल मशीनचं स्पिंडल मिनिटाला ६०,००० पर्यंत फेऱ्या करतं. तुटलेलं टूल कुठे जाईल ते टूलही सांगू शकत नाही. दाराचं बिजागर झुकलं आहे का, चुंबक आणि स्विच समोरासमोर येतात का, तेवढं बघा. दहा मिनिटांचं काम असतं.

१३. वेट मिलिंगमध्ये टाकी भरलेली असून ‘कूलंट लो’ येतं.

टाकीचं झाकण काढून फेस आहे का बघा. कुणीतरी भांड्यांचा साबण घातला असेल, किंवा कूलंट ॲडिटिव्ह जास्त पडलं असेल. फेसाने तरंगणारा फ्लोट आणि ऑप्टिकल सेन्सर दोन्ही गोंधळतात. फेस नसेल तर फ्लोट हाताने वर-खाली करा. लिथियम डायसिलिकेटचा (काचेसारख्या सिरॅमिकचा) गाळ वाळला की दगड होतो आणि फ्लोट त्यात अडकतो. पाणी आणि गाळ वेळेवर काढणं हीच देखभाल, दुसरी नाही. गाळाने पंपाची जाळी तुंबली तर पातळी ठीक असूनही प्रवाहाचा अलार्म येतो.

बोअरचं पाणी घालू नका, क्षार इलेक्ट्रोडवर बसतात. इथे एक गंमत आहे. काही मशीन दोन इलेक्ट्रोडमधून वीज वाहते का यावरून पातळी ठरवतात. त्यात नुसतं डिस्टिल्ड पाणी घातलं तर वीज जवळजवळ वाहतच नाही, आणि भरलेली टाकी मशीनला रिकामी वाटते. ठरलेल्या प्रमाणात ॲडिटिव्ह घातलं की प्रश्न सुटतो.

१४. सक्शनचा अलार्म आला की फिल्टर आपटून साफ करतो. चालेल?

आपटल्याने फिल्टरच्या कागदाला भेगा पडतात. मग दाबातला फरक कमी होतो, सेन्सर खूश होतो आणि भुकटी खोलीत येते. पिशवी आणि फिल्टर बदला. नवीन फिल्टर लावूनही अलार्म राहिला तर सेन्सरकडे जाणारी बारीक रबरी नळी बघा, ती भुकटीने बंद झालेली असते.

१५. सेन्सर बाजारातून घेऊ की कंपनीकडूनच?

होम सेन्सर म्हणून वापरलेले प्रॉक्सिमिटी हे औद्योगिक माल आहेत. मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) कारखान्यांत तसेच लागतात, त्यामुळे त्या बाजूला मिळूनही जातात. व्यास, अंतर, पीएनपी की एनपीएन (सिग्नल वायर प्लसला जोडतो की शून्याला), नॉर्मली ओपन की क्लोज्ड (धातू समोर नसताना उघडा की बंद), या चार गोष्टी जुन्या सेन्सरच्या लेबलशी तंतोतंत जुळायला हव्यात. एनपीएनच्या जागी पीएनपी बसवला तर एलईडी छान लागतो आणि मशीनला काहीच कळत नाही. जुना सेन्सर खिशात घालूनच दुकानात जा.

टूल लांबीचा सेन्सर आणि दाराचा सेफ्टी स्विच मात्र कंपनीचाच घ्या. पहिल्यात अचूकतेचा प्रश्न, दुसऱ्यात बोटांचा. मशीन वॉरंटीत असेल तर काहीच बाहेरून घेऊ नका.

१६. सेन्सर बदलल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागतं का?

हवा, दार, पातळी, सक्शन यांचे बदलले तर नाही. होम सेन्सर किंवा टूल सेन्सर नुसता काढून परत बसवला तरी हो. न केल्याची खूण क्राउनवर दिसते. वरच्या आणि खालच्या बाजूचं मिलिंग जिथे भेटतं तिथे कडेने एक रेघ उठते, नखाला लागते. झिर्कोनियात ती सिंटरिंगनंतर (भट्टीत भाजून आकसल्यावर) थोडी लहान होते: श्रिंकेज फॅक्टर (आकसणं धरून किती पट मोठं कापायचं तो आकडा) १.२५ असेल तर मिलिंगमधली ०.१ मिलिमीटरची चूक ०.०८ उरते. पण सिमेंट गॅपच (क्राउन आणि दात यांच्यामधली सिमेंटची जागा) जिथे ०.०५ ते ०.०८ ठेवतात, तिथे ही चूक सगळी जागा खाऊन टाकते. कॅलिब्रेशन थंड मशीनवर करू नका. आधी वॉर्म-अप प्रोग्रॅम पूर्ण चालू द्या, कारण तापल्यावर स्पिंडल थोडं लांबतं.

१७. पुराचं पाणी लॅबमध्ये शिरलं. मशीन वाळवून चालू करू?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. चालू करून ‘बघू’ नका. मेन स्विच काढा, प्लग काढा आणि पाण्याची रेघ कुठपर्यंत आली त्याचा फोटो विम्यासाठी घ्या. पाणी फक्त स्टँडपर्यंत आलं असेल तर खालचा व्हॅक्यूम, कूलंट टाकी आणि त्यांचे सेन्सर एवढंच प्रकरण. कंट्रोल बॉक्सपर्यंत आलं असेल तर ते कंपनीच्या माणसाचं काम. वरून कोरडा दिसणारा कनेक्टर आतून गाळाने भरलेला असतो आणि २४ व्होल्ट मिळताच पिना गंजायला लागतात. तळमजल्यावर लॅब असेल तर कंप्रेसर आणि यूपीएस विटांच्या ओट्यावर चढवा. जूनच्या आधी.

१८. सगळे सेन्सर ठीक, अलार्म एकही नाही, कॅलिब्रेशन कालच झालं. तरी झिर्कोनिया ब्रिज बसत नाही. आता?

आता मिलिंग मशीनपासून दूर व्हा. आधी डिस्कवर छापलेला श्रिंकेज फॅक्टर आणि कॅममध्ये (मशीनला कापायचा मार्ग देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकलेला फॅक्टर जुळवा. १.२५ च्या जागी १.२२ पडला, तर १० मिलिमीटरची लांबी सिंटर होऊन ९.७६ भरते. कुठलाही सेन्सर हे पकडणार नाही, कारण मशीनने सांगितलं तेच आणि अगदी अचूक कापलेलं असतं.

फॅक्टर बरोबर असेल तर सिंटरिंग भट्टीकडे वळा. तिच्या थर्मोकपलकडे (तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडे) बहुतेक लॅब कधी बघतच नाहीत. १५०० अंशांच्या आसपास रोज तापून तो हळूहळू चुकीचं वाचू लागतो. स्क्रीनवर १५३० दिसतात पण आत तेवढे नसले, तर झिर्कोनिया हवा तेवढा आकसत नाही. भट्टी तपासायला सिरॅमिकच्या खास रिंग मिळतात. एक रिंग नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये भाजायची, थंड झाल्यावर मायक्रोमीटरने तिचा व्यास मोजायचा आणि सोबतच्या तक्त्यातून खरं तापमान काढायचं. तक्ता आणि स्क्रीन जुळले नाहीत तर भट्टीवाल्याला फोन करा. मिलिंग मशीनच्या सेन्सरला हात लावू नका.